मागची पंगत

सायकल शर्यतीचा मार्ग आखणं म्हणजे लग्नाचा स्वयंपाक ठरवण्यासारखं काम. कितीही डोकं चालवा, कोणीतरी रुसणारच. यंदा नागपूरभोवतीच्या चार दिवसांच्या महिला शर्यतीचा नकाशा धरमपेठेतल्या कृष्णकांत सरांनी आखला. उभा जन्म रस्ते बांधण्यात घालवलेला हा निवृत्त इंजिनिअर. नकाशा जाहीर झाला त्याच दिवशी पायल त्यांच्या दारात हजर.

"सर, तीन दिवस चढच चढ! ही बकऱ्यांची शर्यत हाय का? आम्ही स्प्रिंटरनं काहून यायचं मंग?"

पायल स्प्रिंटर होती. म्हणजे शंभर किलोमीटर दुसऱ्यांच्या आडोशानं वारा चुकवत यायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जीव काढून सगळ्यांच्या पुढे जायचं. त्याला मांड्या लागतात, आणि पायलच्या मांड्या अशा की जीन्स घ्यायला गेली तर दुकानदारानं हात जोडावेत. सपाटीला ही पोरगी कोणाला ऐकायची नाही. चढ आला की मात्र देव आठवायचा.

"चौथा दिवस सपाट ठेवलाय," सर म्हणाले. "शेवटही तुमच्या नंदनवन वस्तीतच. पण तिसऱ्या दिवशी रामटेकचा गड आहे. पहिली वर पोचली की तिथून सतरा मिनिटं. त्यानंतर येईल ती शर्यतीबाहेर."

"चढीन कशीतरी. पण एक काम करा सर. त्या शेवटच्या रस्त्याच्या मधातलं वळण काढून टाका. सहाशे मीटर सरळ द्या. माझी आजी तिथं खुर्ची टाकून बसून राहीन. तिले मी दुरून दिसली पाहिजे."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढा सरळ रस्ता तुझ्या फायद्याचा नाही, पोरी. तू घाई करशील."

"नाई करत. तुम्ही काढा तर."

सरांनी खोडरबर उचललं. पोरीच्या आजीपुढे इंजिनिअरिंगचं काय चालणार!

आजी, म्हणजे तुळसाबाई, हिनंच पायलला वाढवलं होतं आणि पहिली सायकलही हिनंच घेऊन दिली होती. नात जिंकायची ती पुण्याला, पंजाबात, कुठे कुठे. आजीला फक्त फोनवर कळायचं. डोळ्यांनी तिनं नातीला एकदाही जिंकताना पाहिलं नव्हतं. पायलला या शर्यतीत एवढंच हवं होतं, की आजीच्या डोळ्यांदेखत पहिलं यायचं. आजीनंही गल्लीत एक घर सोडलं नव्हतं सांगायचं.

तिसरा दिवस उजाडला. गडाचा चढ लागताच हलक्या अंगाच्या पोरी भुर्रकन वर गेल्या आणि मागे राहिल्या अकरा जाडजूड स्प्रिंटर. या मागच्या घोळक्याला त्या 'पंगत' म्हणतात. रोज एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या या बाया चढावर मात्र एका पंगतीत असतात. आळीपाळीनं पुढे राहून वारा अडवतात, पाणी वाटून पितात. नियम एकच. पंगतीत बसलं की शेवटचीचं होईस्तोवर उठायचं नाही.

दुसऱ्या वळणावर गार्गीच्या पोटरीत गोळा आला. ही गार्गी पायलची जुनी वैरीण, दोन वर्षं तिला वीतभर अंतरानं हरवत आलेली. गार्गी मागे पडली आणि पायलच्या मनात लाडू फुटला. ही बाहेर गेली की उद्याचं मैदान मोकळं! सतरातली सात मिनिटं अजून उरली होती. एकटीनं दम लावला तर पायल वेळेत पोचत होती.

पण लहानपणी एकदा लग्नाच्या पंगतीतून ती मधेच उठली होती, तेव्हा आजीनं दंडाला धरून परत बसवलं होतं. "शेजारचीचा घास अजून हातात हाय, अन् तू उठून राहिली? लाज नाई वाटत?" तो दंड आत्ता या चढावर दुखला. पायलनं मनातल्या मनात आजीला चार शिव्या घातल्या आणि ब्रेक दाबला.

"ये वं गार्गी, माझ्या चाकामागं बस. तुझं जेवण व्हायचंय अजून."

बाकीच्या नऊ जणींनीही कुरकुरत वेग कमी केला. अकराच्या अकरा वर पोचल्या तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती. दोन मिनिटं उशीर. एकीनं तिथेच भोकाड पसरलं.

मुख्य पंच मधुसूदन यांनी नियमांची वही उघडली. एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त स्पर्धक एकत्र उशिरा आल्या, तर पंचांना त्यांना परत घेता येतं. शर्यतीत होत्या तेहतीस. त्यांनी बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं. बरोबर अकरा! पायल एकटी पुढे गेली असती तर मागे दहा उरल्या असत्या, आणि दहाही घरी गेल्या असत्या.

"उद्या सारी पंगत माझ्या घरी जेवाले या," पायल आनंदानं ओरडली. "आजी गोळाभात करीन!"

चौथ्या दिवशी सकाळीच आजी नवं हिरवं लुगडं नेसून अंतिम रेषेजवळ खुर्चीत बसली. घोळका शेवटच्या रस्त्याला लागला. सहाशे मीटर सरळ. पायलनं स्वतःला बजावलं, दोनशे उरेपर्यंत हलायचं नाही. तेवढ्यात दूरवर हिरव्या लुगड्यातलं कोणीतरी उठून उभं राहिलं आणि हात हलवू लागलं. झालं! पोरीची अक्कल चाकाखाली गेली. चारशे मीटर बाकी असतानाच तिनं जीव ओतला. तीनशे, दोनशे, शंभर, तीच पुढे. शेवटच्या तीस मीटरला पाय शिशाचे झाले, आणि तिच्या चाकामागे कालच्यासारखीच आडोशाला बसलेली गार्गी बाजूनं निघाली. अर्ध्या चाकानं जिंकली.

पायल फुटपाथवर बसून ढसाढसा रडली. कृष्णकांत सर शेजारी येऊन उभे राहिले. "पुढच्या वर्षी वळण परत घालू का?"

"घाला," ती नाक पुसत म्हणाली.

आजी मात्र खुशीत. "केवढा वेळ तूच पुढं होती वं! मले तर तूच दिसून राहिली होती."

"पण हरली ना मी, आजी."

"ते मले नाई माहीत. शेवटी सारे मेले माझ्या समोरच उभे झाले."

दुपारी अंगणात पंगत बसली. अकरा पत्रावळी, गोळाभात, वर फोडणीचं तेल, वाटीत कढी. गार्गी जेवायलाही सगळ्यांत जोरात. बघता बघता तिची पत्रावळ स्वच्छ झाली, मग एकेक करून बाकीच्यांचीही. पायलचा भात तसाच होता. ती त्यात नुसती बोटं फिरवत होती.

फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला. आयोजकांचा माणूस घामाघूम होऊन आत आला. "गार्गी मॅडम, चला लवकर! बक्षीस समारंभ खोळंबलाय, पाहुणे येऊन बसलेत."

गार्गी उष्टा हात वाळवत तशीच बसून राहिली. "थांबा जरा. पंगत उठली नाही अजून."

पायलनं मान वर केली. गार्गी पत्रावळीकडे बघत होती, पण जागची हलत नव्हती. बाकीच्या नऊ जणीही हलत नव्हत्या. पायल जेवायला लागली. सावकाश, चवीनं, कढीत कालवून. पत्रावळ संपली. बाहेर हॉर्न वाजतच होता. पायलनं गार्गीकडे एकदा बघितलं आणि गालात हसली.

"आजी, मले अजून भात वाढ."

"पायल!" गार्गी किंचाळली.

"अन् वरून तेल पण."