हायपोची बचत

आष्टीच्या सुंदररावांनी कॅमेरा घेतला तेव्हा गावाला वाटलं, माणूस सुधारला. त्यांच्या बायकोला, केशरबाईंना, तसं काही वाटलं नाही. संसार त्यांनी केला होता या माणसाबरोबर. दिव्यात उरलेलं तेल बाटलीत परत ओतून झोपणारा नवरा फोटोवर पैसा उधळेल, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच बसेना.

आणि झालंही तसंच. फिल्म इंग्रजी मुलखातल्या नगरहून आणावी लागे. तिथं निजामाचा हाली रुपया चालत नसे, इंग्रजांचा कलदारच लागे, आणि बदलताना जो बट्टा जाई त्यानं सुंदररावांच्या पोटात दुखे. मग काटकसर सुरू झाली. गरीब नातेवाईक नवे कपडे घालून हौसेनं आले की हे महाशय फिल्म नसलेल्या रिकाम्या डब्याची कळ दाबत आणि पुढच्या भेटीत 'फोटू बिघडला' म्हणून सांगत. फिल्म घातलेली असली की एकाच फोटोत दोन कामं उरकत. केशरबाईंची आई, सरस्वतीबाई, लेकीकडे आली तेव्हा तिला त्यांनी विकायला काढलेल्या बैलाशेजारी उभं केलं. गिऱ्हाइकाला दाखवायला बैलाचा फोटो हवाच होता, सासू त्यात फुकटात निघाली. म्हातारी जरा हलली तर 'बैल बिथरंल' म्हणून तिच्यावरच खेकसले.

फिल्म नगरलाच धुऊन येई. कागदावर फोटो उतरवायचं काम मात्र घरी, म्हणजे केशरबाईंच्या गळ्यात. फिल्मखाली फोटोचा कागद दाबून उन्हात धरला की चेहरा उमटे. मग तो हायपो नावाच्या औषधाच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे कायम टिकतो; नाही बुडवला तर उजेड लागून काळा पडत जातो. सुंदररावांना हायपो म्हणजे फिजूल खर्च वाटे. ते लोकांना सांगत, फोटो फडक्यात गुंडाळून ठेवा, उघडा ठेवला की नजर लागते. लोक भोळे, गुंडाळून ठेवत.

पावसाळ्यात आई वारली. तिचा दुसरा फोटो जगात नव्हता. केशरबाई रोज पेटीतला तो बैलाशेजारचा फोटो काढून तिला बघायच्या, आणि त्यांच्या बघण्यानंच ती काळी होत गेली. शेवटी बैल कुठला आणि आई कुठली, हेही कळेना.

"एक पुडी हायपो आना," केशरबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं. "आईचा एक फोटू पक्का करून ठिवते."

"तुला सारखं बघाया कुनी सांगितलंतं?" सुंदरराव म्हणाले. "आन मेलेल्या मान्सावर खर्चा कशापायी करायचा?"

राग यावा एवढीसुद्धा त्या माणसाची किंमत केशरबाईंच्या मनात उरली नाही. नुसती किळस आली.

महिन्याभरात हायपो मात्र घरात आलं. जिल्ह्याचे मोठे अंमलदार, तालुकदारसाहेब, शिकारीला आले होते तेव्हा सुंदररावांनी मारलेल्या हरणासकट त्यांचे फोटो काढले होते. आता त्या फोटोंचा आल्बम साहेबांना नजराणा म्हणून द्यायचा आणि दरबारात बसायला खुर्ची मिळवायची, असा बेत होता. "सायबाच्या फोटूला हात आखडू नकू," त्यांनी बायकोला बजावलं. साहेबापुढे काटकसर कुठल्या कुठे पळाली होती.

केशरबाईंनी काळ्या कागदाचा तुकडा कापून फिल्मवरचा बैल झाकला आणि आईचा एकटीचा फोटो उतरवला. तो हायपोत बुडवला, भरपूर पाण्यानं धुतला. साहेबांचे फोटो नुसत्या पाण्यातून काढले आणि आल्बमात चिकटवले. अंधाऱ्या खोलीत सुंदररावांनी आल्बम पाहिला, मान डोलावली आणि फडक्यात बांधून घेतला.

दरबारातून ते परतले ते मान खाली घालून. काय झालं ते मागून आल्बम घेऊन आलेल्या धोंडीराम गड्यानं दारातच सांगितलं.

"सायबांनी आल्बम उघडून मेजावर ठिवला आन तितंच उन्हात लोकांचे अर्ज ऐकत बसले. मंग बगतेत तर हरीन काळं, सायब बी काळं. म्हनले, ही काय मजाक लावलीय. खुर्ची तर न्हाईच, मालकास्नी हुबं बी ऱ्हाऊ दिलं न्हाई."

सुंदरराव आत आले. भिंतीवर सरस्वतीबाई होती, स्वच्छ, बैलाशिवाय. त्यांना सगळं कळलं.

"सायबाचं हायपो तू हिला लावलंस."

"लावलं."

खुर्ची गेली होती, गावात अब्रू गेली होती. ते त्यांनी वाटेत कसंबसं गिळलंही होतं. पण डोक्यातला हिशोब काही थांबला नव्हता.

"येका फोटूला समदं थोडंच लागतंय," ते म्हणाले. "उरलं असंल की. कुटं ठिवलंस?"

"आईला आन सायबाला, दोगान्ला पुरून उरलं असतं," केशरबाई म्हणाल्या. "मोरीत ओतलं."

सुंदरराव मटकन खाली बसले. तालुकदारानं हाकलल्यावरही ते असे बसले नव्हते. केशरबाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.