पडदा धुवायचं नाव काढू नका

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे आणि चांगला मळका आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नाकं मुरडायची ती आत्ताच मुरडून घ्या. जपानातल्या ओनोमिची गावात, चढाच्या गल्लीत तोकिएबाईंचं छोटंसं इझाकाया आहे. संध्याकाळी शेजारपाजारचे लोक दोन घोट घ्यायला आणि चार घास खायला तिथे येतात. त्याच्या दारावर मी लोंबतो. मी बाहेर असलो की दुकान उघडं, मला आत घेतलं की बंद.

रंगाऱ्याने मला निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवलं, तेव्हा मी असा देखणा झालो की तोकिएबाईंचे यजमान मला हात धुऊन मगच शिवायचे. गिऱ्हाइकांनी मात्र तसला मान ठेवला नाही. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी खायची, आणि निघताना रसाने चिकट झालेली बोटं माझ्या काठाला पुसायची, ही इथली जुनी रीत. पहिला डाग पडला तेव्हा मला रडू आलं. पुढे कळलं की नवखा माणूस आधी माझा काठ बघतो. काठ मळका, म्हणजे आत चांगलं खायला मिळतं. तेव्हापासून मी डाग मिरवतो.

यंदा तोकिएबाईंची मुलगी चिझुरु दुकान सांभाळायला ओसाकाहून परत आली. पोर कामाला वाघ, पण माझ्यावर तिचा डोळा. हे लक्तर बघून कोण जेवायला येईल, असं ती उठता बसता म्हणायची.

"तुला त्याच लक्तराने मोठं केलंय," तोकिएबाई म्हणायच्या.

एके दिवशी आई टोफू आणायला गेली, आणि ऐन दुकान उघडायच्या वेळी चिझुरुने मला उतरवून साबणाच्या टबाशी नेलं. एवढी शहाणी पोर, पण पडदा नसला की दुकान बंद, हेच विसरली. नेहमीची मंडळी कोपऱ्यावरूनच माघारी फिरली. निखारे फुललेले, खुर्च्या रिकाम्या. टबाच्या कडेला पडून मी मनात म्हणत होतो, बुडव तर खरं, बघतोच तुझा साबण.

तेवढ्यात दारातून वरच्या आळीतले तादोकोरो डोकावले. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको वारली. तेव्हापासून रोज माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, आतलं हसणं ऐकायचे आणि परत जायचे.

"कायमचं बंद केलंत का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो काका, पडदा धुवायला काढलाय. मळला होता ना."

त्यांनी टबाशी पडलेल्या माझ्याकडे बघितलं. "त्या काठाकडे बघून रोज वाटायचं, एवढ्या माणसांचे हात लागलेत, त्यात आपला एक लागला तर काय बिघडणार आहे? पण आत यायचा धीर होत नव्हता. आज पडदा दिसला नाही, तेव्हा वाटलं, झालं, हेही गेलं."

चिझुरुने हात पुसले आणि मला उचलून तसंच दारावर अडकवलं. काकांना निखाऱ्याजवळची खुर्ची दिली. पहिली वाटी इथे न मागताच मिळते, तशी शिजवलेल्या मुळ्याची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. मी दिसताच मंडळी परतली. तोकिएबाईही टोफू घेऊन आल्या.

"रोज दाराशी उभे राहणारे ते तुम्हीच होय?" मासळीवाला कुसाका तादोकोरोंना म्हणाला. "आम्हाला वाटलं, करवसुलीवाला आलाय."

तादोकोरो हसले, जरा ओशाळूनच.

कोंबडी खाऊन निघताना ते माझ्यापाशी थांबले. चिकट हात पुढे आला, मागे गेला. हल्ली गरम ओले रुमाल मिळतात, पडद्याला बोटं कोणी पुसत नाही.

"पुसा की काका," चिझुरु आतून म्हणाली. "आणि तुमचा डाग कुठला, ते उद्या येऊन मला दाखवा."

त्यांनी बोटं पुसली. दुसऱ्या दिवशी दाखवायलाही आले.

तर मित्रांनो, मी फाटलो तर शिवा, वादळात आत घ्या. जुन्या वस्तूची तेवढी काळजी घ्यायलाच हवी. पण साबण घेऊन जवळ येऊ नका. डाव्या कोपऱ्यातला तो डाग तादोकोरोंचा आहे. त्याला हात लावून तर बघा.