खल एका घरी, बत्ता दुसऱ्या घरी

मित्रांनो, मी एक जुना, काळ्या दगडाचा खल आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. हा स्वभाव मला धंद्याने दिला. जालन्यात बद्रीनाथांच्या वडिलांचे काष्ठौषधींचे दुकान होते. एका पाथरवटाने एकाच धोंड्यातून मला आणि माझ्या बत्त्याला घडवले आणि त्या दुकानात आणून ठेवले. तिथे गेरू म्हणून विटेची पूड यायची आणि मंजिष्ठ म्हणून कसल्याही काड्या यायच्या. बत्त्याचे दोन घाव पडले की खरेखोटे मला कळायचे. दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे माझे झाले. फक्त बत्त्यावर मी कधी संशय घेतला नाही.

वडिलांच्या मागे बद्रीनाथांनी साबणाचा धंदा काढला. भागीदार होते त्यांचे बालमित्र कमरोद्दीन, तेलाच्या व्यापारातले. चूल न पेटवता होणारा साबण होता तो. कास्टिक सोडा पाण्यात विरघळवून गार करायचा, खोबरेल आणि करडईच्या तेलात ओतायचा, दाट होईपर्यंत घोटायचा आणि लाकडी साच्यात भरायचा. सोड्याच्या पाण्याला बद्रीनाथ भीत, म्हणून ते काम कमरोद्दीनचे. रंग निवडणे, कुटणे आणि मिसळणे हे काम बद्रीनाथांचे, म्हणजे खरे तर माझे आणि बत्त्याचे.

रंगाचे काम वाटते तितके सोपे नाही. पूड काजळासारखी बारीक लागते. ती आधी वाटीभर तेलात भिजवायची आणि फडक्यातून गाळायची, नाहीतर वडीवर ठिपके उठतात. गेरू आणि नीळ इमानदार निघाले, जसे घातले तसेच राहिले. कडुनिंबाचा हिरवा पाला मात्र पुढे शेणाच्या रंगावर गेला. बद्रीनाथ म्हणाले, पाला शिळा होता. लाल रंगाची मंजिष्ठ जांभळट झाली, तेव्हा ते म्हणाले, विकणाऱ्याने फसवले. मलाही तेच पटले. सोड्यावर आमच्यापैकी कुणाचाच संशय गेला नाही.

राज्य निजामाचे होते. मोठी लढाई नुकतीच संपली होती, आणि गावात लोक एकमेकांशी जपून बोलू लागले होते. गिऱ्हाईक वडी हुंगून विचारायचे, "तेलाचाच हाय ना? चरबी-बिरबी न्हाई ना?" कमरोद्दीन छातीवर हात ठेवून सांगत, "बिलकुल तेलाचा."

अशातच बद्रीनाथांच्या बहिणीचे, दुर्गाबाईचे लग्न वाटूरला ठरले. रुखवतात मांडायला हळदीच्या रंगाच्या वड्या करायच्या, असे दोघा मित्रांनी हौसेने ठरवले. बद्रीनाथांनी निवडून हळकुंडे आणली. मी ती कुटली. हळद अस्सल होती, माझी खात्री आहे. तेलात पडताच सगळे भांडे पिवळेधमक झाले. मग कमरोद्दीनने सोड्याचे पाणी ओतले आणि बद्रीनाथांच्या डोळ्यांदेखत ते पिवळे तेल लालभडक झाले.

त्याच वेळी कारभारी नावाचे एक गिऱ्हाईक दारात उभे होते. ते भांड्यात डोकावले आणि म्हणाले, "हे तर रगतावानी दिसतंय."

बद्रीनाथांनी मित्राकडे पाहिले. "कमरू, पाण्यात काय टाकलं?"

"माझ्या पाण्यात सोडा हाय, दुसरं काय न्हाई. तुझ्या वाटीत काय व्हतं ते तू सांग."

"हळद व्हती."

"मंग लाल कशी झाली? कुंकू टाकलं असशील. भागी मोडायची असल तर सरळ बोल, बद्री. माल कशाला नासवतो?"

वाटीत नुसती हळद होती, याचा मी साक्षीदार. पण सोड्याच्या पाण्याच्या हंड्यात काय होते ते मला ठाऊक नव्हते, म्हणून माझ्याही मनात पाल चुकचुकली. लाल वड्या माळ्यावर फेकल्या गेल्या आणि भागीदारी मोडली. हिशेब उरकून दोघे वाटण्या करू लागले. साचे निम्मे, भांडी निम्मी. शेवटी मी आणि बत्ता उरलो.

"खल माझ्या बापाचा हाय," बद्रीनाथ म्हणाले.

कमरोद्दीनने बत्ता उचलला आणि ते निघून गेले.

मित्रांनो, बत्त्याशिवाय खल म्हणजे नुसता पोकळ दगड. मला न्हाणीजवळ टाकले आणि माझ्यात भांडी घासायची राख भरली. मला फार वाईट वाटायचे. वर माळ्यावर वड्या वाळत होत्या आणि खाली मी झुरत होतो.

लग्न झाले. हळदीला कमरोद्दीनची बायको खैरुनबी आली नाही. दुर्गाबाईला तिने अंगाखांद्यावर खेळवले होते. बद्रीनाथांच्या आईला, तुळजाबाईंना, हे फार लागले. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथांनी हळदीने माखलेले धोतर न्हाणीपाशी ठेवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "खैरुन तुझ्यापायी आली न्हाई. तुझं धोतर तूच धू."

बद्रीनाथ खाली बसले. गावाला साबण पुरवणाऱ्या या माणसाने जन्मात एक कपडा धुतला नव्हता. त्यांनी पिवळ्या डागावर साबण घासला, आणि डाग त्यांच्या हाताखाली लाल होत गेला.

"आई, हे पाह्य."

"काय पाहू? हळदीला साबण लागला की ती लाल व्हती. धुणाऱ्या समद्या बायांना ठाऊक हाय."

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

"तू म्हणला वड्या बिघडल्या, अन् कमरूनं काहीतरी केलं. इचारलं कव्हा मला?"

बद्रीनाथ उठले आणि ओले धोतर हातात धरून अनवाणी बाहेर पडले. मी कान देऊन बसलो. जात असतील का तिकडे, की वाटेतून परततील? माझा त्यांच्यावरही भरवसा नव्हता.

बराच वेळ गेला. मग दारात दोघांची पावले वाजली. मागे खैरुनबी होती, आणि ती हसून तुळजाबाईंना सांगत होती, "अम्मा, ह्यांनी बी कदी कपडा धुतला न्हाई. मला इचारलं असतं तर!"

कमरोद्दीनच्या हातात बत्ता होता. "मी बी शक घेतला, बद्री," ते हळूच म्हणाले. बद्रीनाथांनी माझ्यातली राख काढली आणि मला स्वतः घासून धुतले. त्यांनी जन्मात धुतलेली ही दुसरी वस्तू. मग कमरोद्दीनने बत्ता माझ्यात ठेवला.

माळ्यावरच्या वड्या खाली काढल्या, तर वाळता वाळता त्यांची लाली उतरली होती आणि त्या केशरी-पिवळ्या झाल्या होत्या. खैरुनबीने त्या स्वतः दुर्गाबाईसाठी वाटूरला नेल्या.

आता मी म्हातारा झालो. माझ्या तळाच्या चिरेत थोडी हळद अजून आहे, साबणाचे पाणी पडले की लाल होते. मित्रांनो, माझ्यासारखा संशयी स्वभाव असला तरी हरकत नाही. पण कुणावर बोट दाखवण्याआधी घरात धुणे धुणाऱ्याला एकदा विचारा. आणि मला कुठेही ठेवा, अगदी अडगळीत ठेवा, पण बत्ता माझ्यातच राहू द्या.