चादरीपलीकडचे फादर

कपडे वाळत घालायचा स्टँड आईनं खोलीच्या मधोमध ओढून आणला आणि त्यावर जुनी चादर टाकली. अलीकडे खुर्ची, पलीकडे स्टूल. चर्चमधून फादरांचा फोन आला होता. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदाच ख्रिस्तप्रसाद घेणारी मुलं पुढच्या रविवारी चर्चच्या अंगणात एकेक करून कन्फेशनला, पडद्याआडच्या फादरांना आपापली पापं सांगायला येतील, प्रत्येकाला पाच मिनिटं, तयारी घरीच करून घ्या. टाळेबंदीत शाळा घरी आलीच होती, आता धर्मशिक्षणही आलं.

चार मुलं, दोन फोन. मधला स्वयंपाकघरात इतिहासाचा तास ऐकता ऐकता ओट्यावर बोटांनी तबला वाजवत होता. चार वर्षांचं शेंडेफळ टेबलाखाली बसून खडूनं फरशी रंगवत होतं. तेरा वर्षांची थोरली खिडकीशी कानात इयरफोन घालून बसली होती. तिच्या वर्गाला तिचा चेहरा दिसला त्याला तीन आठवडे झाले असतील. राहिली आठ वर्षांची मणी, कम्युनियन हिचंच. तिला गणितानं छळलं होतं, आणि तिनं आईला.

आई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. तिथं सगळं गप्प पडून असे, जिथं ठेवू तिथं राहत असे. घरात पाच महिने तिला एका जागी दहा मिनिटं बसता आलं नव्हतं. काल मालकांचा फोन आला, सोमवारपासून येता का म्हणून. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणून बसली होती. नवऱ्याची पाणीपुरवठ्याची नोकरी एक दिवसही बंद नव्हती. त्याला रात्री सांगितलं, तर तो म्हणाला, मुलांना तूच सांग. सकाळपासून ती सांगायला म्हणून तीनदा उठली होती आणि तीनदा भांडी घासून परत आली होती.

मणी स्टुलावर बसली. आईनं खुर्चीत बसून फादरांसारखा आवाज जाड केला.

"बोल, बाळ."

मणी आधी हसली, मग घोकलेलं म्हणून गेली. भावाला चिमटा काढला. प्रार्थना अर्धीच म्हटली. साखर खाल्ली. आई मान हलवत ऐकत होती आणि मनात सोमवारचा डबा भरत होती.

"आणखी काही?"

मणीचा आवाज चादरीच्या अगदी जवळ आला.

"फादर, तुम्ही आईला सांगणार?"

"फादर कुणालाच सांगत नसतात."

"मी गणितं मुद्दाम चुकवते. मला सगळी येतात. तेराचा पाढापण येतो."

आईनं स्टँडला लावलेला चिमटा काढला आणि पुन्हा लावला.

"का चुकवतेस?"

"चुकलं की आई शेजारी येऊन बसते. नाहीतर ती नुसती फिरत असते."

मधल्याचा तबला थांबला होता. आईला बोलायचं होतं, पण आवाज जाड होईना. शेवटी तिनं प्रायश्चित्त दिलं: एक प्रार्थना पूर्ण म्हणायची, आणि उद्या एक गणित बरोबर सोडवायचं. एकच.

"बाकीची चालतील?" मणीनं विचारलं.

"चालतील."

मणी उड्या मारत गेली. आई चादर काढायला उठली, तेवढ्यात पलीकडचं स्टूल करकरलं. चादरीखालून दोन लांब पावलं दिसली, नखांवरचा निळा रंग अर्धा उडालेला. मघाशी स्टँड मांडताना, हा काय पोरखेळ, म्हणून नाक मुरडणारी हीच.

"फादर आहेत की गेले?" थोरलीनं विचारलं.

आई हळूच खाली बसली. "आहेत."

"काल मी चोरून फोन ऐकला. सोमवारचा."

आईनं पदर बोटाला गुंडाळला. आता तक्रार येणार, हे ती धरूनच चालली. तिघांना मीच बघायचं का, माझा अभ्यास कोण करणार, सगळं रास्तच होतं. पण थोरली अडखळली, आणि पुढे बोलली तेव्हा तिचा आवाज अगदीच लहान झाला होता.

"आई जाणार म्हणून मला बरं वाटलं. घरात जरा मोकळं वाटेल, असं वाटलं. हे पाप आहे का?"

स्वयंपाकघरात मधल्यानं पुन्हा ताल धरला. शेंडेफळानं खडू मोडला आणि दोन झाले म्हणून जाहीर केलं.

"पाप नसावं," आई म्हणाली. "फादरांनापण बरंच वाटलं होतं."

पलीकडून नाकातून निसटलेलं हसू ऐकू आलं. स्टूल थोडं पुढे सरकलं, चादरीला गुडघे टेकले.

"मग मणीला कोण सांगणार?"

आईनं चादरीवरून त्या गुडघ्यांवर हात ठेवला.

"दोघी मिळून सांगू," ती म्हणाली.