नव्वदावा दिवस

शनिवार, ११ जुलै, सकाळी सहा चाळीस. अजमानमधल्या एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निनाद कामतने लॅपटॉप वडिलांकडे वळवला. युरोपच्या व्हिसाचे दिवस मोजणाऱ्या सरकारी पानावर त्याने आईच्या तारखा भरल्या होत्या. आईचे नव्वद दिवस आजच संपत होते.

वडिलांच्या हिशेबाने ते मंगळवारी, १४ तारखेला संपणार होते. परतीचं तिकीट मंगळवारचंच होतं.

निनादची आई छाया कामत त्या वेळी ओसियेकमध्ये होत्या. क्रोएशियाच्या पूर्वेला द्रावा नदीच्या काठचं हे जुनं शहर. त्यांची मुलगी मुग्धा आणि जावई चारुदत्त तिथे नोकरीला आहेत. मुग्धाला बाळंतपणाची ८ जुलै तारीख दिली होती. ती उलटून तीन दिवस झाले तरी कळा सुरू झाल्या नव्हत्या. सोमवारी दाखल व्हा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

व्हिसा तीन वर्षांचा होता आणि कितीही वेळा जायची मुभा होती. अट एकच होती. कोणत्याही सलग एकशेऐंशी दिवसांत तिथे नव्वदच दिवस राहायचं.

“परत टाक तारखा,” निनादचे वडील गुणवंत म्हणाले.

“बाबा, तीनदा टाकल्या. तुम्ही लँडिंगचा दिवस धरलाच नाहीये. एकदाही नाही.”

“तो धरत नाहीत.”

“कोण धरत नाही?”

गुणवंतांनी फ्रिजकडे पाहिलं. जबल अलीत एका लॉजिस्टिक्स कंपनीत ते चोवीस वर्षं आहेत. त्यांच्याकडे जहाजातून कंटेनर उतरतो तो दिवस मोजत नाहीत. बंदरात फुकट ठेवायचे दिवस दुसऱ्या सकाळपासून सुरू होतात. फ्रिजवर लावलेला कागद त्यांनी त्याच सवयीने लिहिला होता. फेब्रुवारीचे एकोणतीस, एप्रिल-मेचे एकोणतीस, उरले बत्तीस. सीमेवर मात्र उतरल्याचा दिवसही धरतात आणि निघाल्याचाही. तीस, तीस आणि या खेपेला १२ जूनपासून आजचा धरून तीस.

“धिस इज आई, बाबा. नॉट अ शिपमेंट,” निनाद म्हणाला.

सहा पंचावन्नला त्यांनी फोन लावला. तिथे पाचला पाच कमी होते. छाया जाग्या होत्या.

“मुग्धा कशी आहे?”

“झोपलीय. पाय सुजलेत. डासांनी दोघींना फोडून काढलंय, हे शहर नदीच्या इतकं जवळ वसवायचं काही कारण नव्हतं. तुम्ही सुट्टीच्या दिवशी एवढ्या लवकर कसे उठलात?”

गुणवंतांनी सांगितलं. पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“म्हणजे आज रात्री बारापर्यंत?”

“तिथल्या बारापर्यंत.”

“आणि नाही निघाले तर?”

“आता पासपोर्टवर शिक्के नाहीत, छाया. बोटांचे ठसे घेतलेत तुझे. कॉम्प्युटरमध्ये लाल दिसणार. बंदी घालतील, नाहीतर पुढचा व्हिसा नाकारतील. निदान नोंद तरी कायमची राहील.”

“चोवीस वर्षं लोकांचे डबे वेळेत सोडवलेत तुम्ही,” छाया म्हणाल्या. “बायको तेवढी अडकवलीत.” आणि त्यांनी फोन ठेवला.

हे दिवस कुठे खर्ची पडले ते घरात सगळ्यांना माहीत होतं. छाया पहिल्यांदा ओसियेकला गेल्या त्या दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये. मुग्धाचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत वेळ गेला आणि छाया पोहोचल्या त्या तीन दिवस उशिरा. नदीकाठच्या झाडांची पानं पिवळी पडली होती. मुग्धा रोज त्यांना काठाकाठाने जुन्या किल्ल्यापर्यंत चालत नेई आणि एक शब्द बोलत नसे. निघायच्या आदल्या दिवशी एवढंच म्हणाली, “तू असायला हवी होतीस.”

म्हणून या फेब्रुवारीत चौथ्या महिन्यात रक्तस्राव झाला तेव्हा छाया तिसऱ्या दिवशी तिथे होत्या. द्रावेच्या काठाला बर्फाची साय धरली होती, धुक्यात पलीकडचा किनारा दिसत नव्हता. महिनाभर मुग्धा अंथरुणावर होती. एप्रिलमध्ये त्या डोहाळजेवणाला गेल्या. नदी तेव्हा काठोकाठ भरली होती. बांधून ठेवलेल्या एका होडीत मुग्धाला बसवून, हिरवी साडी नेसवून, पाच बायकांनी ओटी भरली. त्यातल्या तिघी क्रोएशियन होत्या आणि नारळ कसा धरायचा ते विचारत होत्या. डोहाळजेवण एका दुपारचं असतं. छाया तीस दिवस राहिल्या, कारण मुग्धा रात्री आईशिवाय झोपेना. त्या वेळी गुणवंतांनीच फोनवर सांगितलं होतं, “राहा तू. दिवस आहेत.”

फेब्रुवारीतले दिवस एकशेऐंशीच्या मोजणीतून गळून पुन्हा मोकळे होणार ते ३१ जुलैपासून. त्याआधी एकदा बाहेर पडलं की परत आत येता येणार नव्हतं.

सव्वाआठला गुणवंतांनी तहसीनला फोन केला. कंपनीतल्या सगळ्यांची व्हिसाची कामं तहसीन बघतो.

“भाईसाब, इधर होता तो मैं दो मिनट में बोलता,” तहसीन म्हणाला. “दिन का फाइन भरो, खलास. उधर का सिस्टम अलग है. लेकिन एक्स्टेंशन का कुछ तो होगा. मेडिकल रीजन है ना? आज ही पेपर डालो. एक्सपायरी के बाद कोई नहीं सुनेगा.”

चारुदत्त तिथल्या साडेसातला पोलीस कचेरीत गेला. खिडकीवरच्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं. मुदतवाढ मागता येते, असं तिने सांगितलं. आजारपण किंवा तसंच गंभीर कारण लागतं, डॉक्टरांचं पत्र लागतं आणि अर्ज मुदत संपायच्या आत यावा लागतो. ते काम करणारा विभाग मात्र सोमवारी उघडतो.

“सोमवारी मुदत संपलेली असेल,” चारुदत्त म्हणाला.

“तुमचा अर्ज मी ठेवून घेऊ शकते. स्वीकारला असं म्हणू शकत नाही,” ती म्हणाली.

त्याने तिथूनच फोन करून हे शब्द जसेच्या तसे सांगितले. गुणवंतांनी ते फ्रिजवरच्या कागदाच्या मागे लिहून घेतले. मग डॉक्टरांचं पत्र मिळवायला चारुदत्त मुग्धाला घेऊन दवाखान्यात गेला. ठरलेल्या डॉक्टर सुट्टीवर होत्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने तपासलं. बाळाचे ठोके उत्तम होते, कळा नव्हत्या. त्याने पत्रात तेच लिहिलं. आई जवळ असणं आवश्यक आहे, असं लिहायला त्याने नकार दिला. वैद्यकीयदृष्ट्या ते खरं नव्हतं. मुदतवाढीला दाखवायला गंभीर कारणच उरलं नाही.

अजमानमध्ये दुपारी दीडपर्यंत घरातला चहाही झाला नव्हता. निनादने नकाशा उघडला. ओसियेकपासून डॅन्यूबवरच्या पुलापर्यंत गाडीने साधारण पाऊण तास. पुलापलीकडे सर्बिया, या व्हिसाच्या हद्दीबाहेर. तिथे गेलं की हे दिवस मोजणं थांबतं.

“आई तिकडे एका हॉटेलात राहील. बेलग्रेडहून फ्लाइट घेईल. तिचा व्हिसा व्हॅलिड आहे, त्यावर सर्बियातही एंट्री मिळते असं लिहिलंय.”

“लिहिलंय म्हणजे?”

“म्हणजे लिहिलंय, बाबा. आय डोन्ट वर्क देअर.”

छायांनी फोनवर सगळं ऐकलं. “मी जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी मी कागदांची वाट बघत बसले होते. आता कागद माझी वाट बघू देत.”

“अगं, बंदी घातली तर नातवंडाला बघणार कधी?”

“ते आलं की बघेन. आधी येऊ तर दे.”

तेवढ्यात मुग्धाने फोन हातात घेतला. “बाबा, आईला जाऊ द्या. बंदी येऊन पाच वर्षं यायला मिळालं नाही तर मी काय करू? बाळंतपण एक दिवसाचं आहे.”

“मुग्धा, तू गप्प बस,” मागून छायांचा आवाज आला.

“तू गप्प बस, आई. तूच रडायला लागलीस तर मी काय करायचं?”

फोन चालूच राहिला. निनादने आवाज कमी केला, बंद केला नाही. चार मिनिटांनी चारुदत्त बोलला. “बाबा, आई तयार झाल्यात. मी मुग्धाला सोडून येऊ शकत नाही. माझा कलीग नीरव गाडी आणतोय.”

पाच पन्नासला, म्हणजे तिथल्या तीन पन्नासला, छाया निघाल्या. त्याआधी त्यांनी चारुदत्तला डिंकाच्या लाडवांचा डबा दाखवला, बाळंतिणीला द्यायच्या शेपा किती भाजायच्या ते सांगितलं आणि मुग्धाच्या पायांना तेल लावलं. छायांनी आपलं लोकेशन निनादला पाठवलं होतं. निळा ठिपका शहराबाहेर पडून पूर्वेकडे सरकू लागला.

सहा दहाला चारुदत्तचा मेसेज आला : मुग्धाचं पाणी गेलं. दवाखान्यात निघालो.

निनादने आईला फोन लावला. नीरव गाडी चालवत होता, फोन छायांनीच उचलला. त्यांना कळलेलं होतं.

“छाया, ऐक,” गुणवंत म्हणाले. “तिथे आता सव्वाचार वाजलेत. बारापर्यंत पावणेआठ तास आहेत. परत गेलीस तर अकराला निघायचं. बाळ झालं तरी, नाही झालं तरी. निघशील?”

गुणवंतांनी निनादच्या हातातून फोन घेतला.

“तू सांग, निघशील का? मग मी सांगतो काय करायचं.”

“अहो,” छाया म्हणाल्या, “या वेळी तुम्ही काही सांगू नका.”

फोन कट झाला. गुणवंतांनी पुन्हा लावला, तो वाजत राहिला. नीरवचा नंबर चारुदत्तकडे होता आणि चारुदत्त दवाखान्यात फोन उचलत नव्हता.

सहा एकतीसला ठिपका पुलाच्या अलीकडे सहा किलोमीटरवर, शेतांमधल्या रस्त्याच्या कडेला थांबला. निनादने नकाशा मोठा केला. तिथे पेट्रोल पंप नव्हता, घर नव्हतं.

सहा बावन्नला ठिपका तिथेच होता. ना पुलाकडे सरकला होता, ना ओसियेककडे वळला होता.