मंजूर झालेली सुट्टी

त्र्याऐंशीच्या एप्रिलात आष्टीच्या वरच्या डोंगराला आग लागली ती आठवडाभर विझली नाही. मोहफुलं वेचणाऱ्या कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवला, वारा फिरला आणि सागाच्या वाळल्या पानांवरून जाळ धावत सुटला. कारंज्याकडचं जंगलही त्याच दिवसांत पेटलं होतं. तिकडचे ट्रकवाले सांगत, भर दुपारी दिवे लावून गाड्या हाकाव्या लागतात.

श्रावण त्या जंगलात गार्ड होता. नोकरीला नऊ वर्षं झालेली. घराण्यातला पहिला सरकारी माणूस. सोमवारी सकाळी तो आठ मजुरांना घेऊन पाला ओढत होता. आगीला पुढे खायला काही मिळू नये म्हणून जमिनीचा रुंद पट्टा उघडा करायचा होता. तेवढ्यात वनपाल बबनराव धापा टाकत चढ चढून आले. त्यांच्या हातात तार होती.

"आई सीरियस. ताबडतोब निघा. तानबा."

तानबा म्हणजे श्रावणचे भाऊजी, मोठ्या बहिणीचे यजमान. वर्ध्याला एका कचेरीत चपराशी, राहायला सिंदी मेघेला. श्रावणची माय धुरपता आठ महिन्यांपासून त्यांच्याकडेच होती.

"तू निघ," बबनराव म्हणाले. "साहेबाले मी इचारलं. सुट्टी मंजूर हाये. अकराची येष्टी भेटते तुले."

श्रावणनं तार दोनदा वाचली. मग समोरच्या धुराकडे पाहिलं.

"हे अशी आग टाकून कसा जाऊ, साहेब? या नाल्याच्या वाटा मलेच ठाव. दोन दिवस पाहू द्या."

बबनरावांचे डोळे भरून आले. "तुह्यासारखे चार भेटले ना, तं हे जंगल जळत नाई," असं म्हणून ते उतरून गेले. मजुरांनीही ऐकलं होतं. दुपारी त्यांनी श्रावणला सावलीची जागा दिली, पाणी आधी त्याला दिलं. त्यानं ते तसंच पुढच्याला दिलं. नाल्याच्या वाटा त्या आठांतल्या सहा जणांना त्याच्याइतक्याच ठाऊक होत्या.

त्याचं न जाण्याचं कारण आगीत नव्हतं. पोळ्याच्या आधी घरात एक गोष्ट घडली होती. धुरपताच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. चहाचं आधण उतरवताना तिचा हात चुकला आणि उकळतं पाणी दोन वर्षांच्या नातीच्या पायावर सांडलं. पाय पंधरा दिवसांत बरा झाला, डागसुद्धा राहिला नाही. पण त्या संध्याकाळी श्रावण मायच्या देखत बायकोला म्हणाला होता, "आंधळं माणूस घरात ठेवनं म्हंजे रोजचा धोका हाये." धुरपता चुलीपाशी बसली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला लेकीकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. "पंधरा दिवसांत न्याले येतो, माय." तिनं खिडकीतून हात बाहेर काढला होता. त्यानं तो धरला नाही, कारण कंडक्टरनं घंटी मारली होती. निदान तो स्वतःला तसं सांगत असे.

दर महिन्याला बहिणीचं पोस्टकार्ड येई. माय विचारते, कधी येतोस? तो लिही, साहेबांचा दौरा आहे. मग लिहिलं, लाकडाची मोजणी आहे. जितके दिवस जात, तितकं जाणं अवघड होत गेलं. आणि आता तर डोंगर पेटला होता. एवढं मोठं कारण त्याला कधीच मिळालं नव्हतं.

मंगळवारी त्यानं रेंज ऑफिसाजवळच्या पोस्टातून भाऊजींना उलट तार केली. "जंगलात आग. येणे शक्य नाही." पोस्टमास्तरांनी शब्द मोजले आणि पावती फाडताना तेही हळहळले.

बुधवारी बायको पंचफुला भाकरी घेऊन थेट कामावर आली. तिला बबनरावांच्या घरून कळलं होतं.

"तुमाले सुट्टी देल्ली म्हनते. काऊन नाई गेले?"

"आग दिसत नाई तुले?"

"दिसते. आगीत पन्नास मानूस हाये. तिकडं लेक एकच हाये." ती भाकरी बांधलेला धडपा सोडायचं विसरून तशीच उभी राहिली. "लोक मले बोलतीन. सुनेनं हाकललं म्हनतीन."

"मंग तुहं जमत होतं काय तिच्याशी?"

"नव्हतं जमत. भांडत होतो आमी. पन मी त्याईले घराभाईर नाई काढलं. येष्टीत कोनं बसवून देल्लं?"

ती भाकरी ठेवून गेली. श्रावण खडकावर बसून राहिला. आठ महिने त्यानं मनाशी हे बायकोच्या नावावर टाकलं होतं. तिनं तसं एकदाही म्हटलं नव्हतं, हे त्याला आता आठवलं.

गुरुवारी आग पट्टा ओलांडून खालच्या वस्तीकडे निघाली. श्रावण वेड्यासारखा पुढं घुसला. हिरव्या डहाळ्यांनी झोडपत, सगळ्यांना मागं ठेवून तो जाळाच्या तोंडाशी गेला. वस्तीच्या अलीकडे दोन शेतांवर आग अडली. त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. मलम लावताना मजूर रामाजी म्हणाला, "इतकं काऊन अंगावर घेता, भाऊ? मायची काळजी हाये, समजते." श्रावणनं हात ओढून घेतला. तो काळजीनं घुसला नव्हता. काहीतरी लागावं, दुखावं, म्हणून घुसला होता.

शुक्रवारी आग विझत आली. रेंजर साहेब जीपनं आले आणि सगळ्यांना उभं करून बोलले. "याची आई मरणाच्या दारी आहे, आणि हा माणूस आपली जागा सोडून हलला नाही. याला म्हणतात नोकरी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाजल्या हाताची आग श्रावणला त्या टाळ्यांपेक्षा सोसवत होती.

शनिवारी पहिल्या गाडीनं तो निघाला. आर्वीला गाडी बदलली. वाटेत एक विचार त्याच्या मनात आला आणि तो त्याला जन्मभर पुरला. त्याला वाटलं, माय गेली असेल तर तिच्यासमोर उभं राहावं लागणार नाही. विचार आला तसा त्यानं दातांनी ओठ चावला. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाऊ, बरं नाई वाटत काय?"

सिंदी मेघेला दारात गर्दी नव्हती. मोठी बहीण शेवंता अंगणात चादर पिळत होती. त्याला पाहून तिनं चादर दोरीवर टाकली. "आला काय? वाचली ते. निमोनिया होता. सरकारी दवाखान्यातून काल घरी आनलं."

आत धुरपता खाटेवर पडली होती, अर्धी उरलेली. पावलांच्या आवाजानं तिनं मान वळवली.

"धुराचा वास येऊन राह्यला. श्रावण हाये काय?"

"व्हय, माय."

"इझली आग?"

"इझली."

ती शेवंताकडे तोंड करून म्हणाली, "मी सांगतलं होतं ना, आग इझली का येते म्हनून. विहारातल्या बाया आल्या, त्याईलेबी तेच सांगतलं. सरकारी मानूस हाये, सुट्टी कशी देईन साहेब?" मग हात चाचपत तिनं त्याचा गुडघा शोधला. "नाईच देल्ली ना रे सुट्टी?"

हो म्हणणं सोपं होतं. माय त्याला वाट करून देत होती, आणि त्या वाटेनं गेलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. पण तिचा हात गुडघ्यावर होता.

"देल्ती, माय. सोमवारीच देल्ती."

शेवंताच्या हातातला पेला ठक्कन जमिनीवर टेकला. "अरे, चार दिवस तुहं नाव घेत होती ते!"

"तू थांब, शेवंता," धुरपता म्हणाली. मग त्याला विचारलं, "मंग काऊन नाई आला?"

"तुह्या तोंडाकडं कसं पाहू, समजत नव्हतं."

"मले आता कायच दिसत नाई, बाबा. तू कसा पाह्यला असता, मले कुठं समजलं असतं?"

तिनं ते चिडून म्हटलं नाही. श्रावण मात्र तिथंच खाटेच्या कडेवर कपाळ टेकून रडला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, पण गुडघ्यावरचा काढलाही नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "ताकद आली का घरी चाल, माय. पंचफुलाबी म्हनते."

"तिले म्हन, मी राग धरला नाई. पोरीले घेऊन येत जाय." ती भिंतीकडे वळली. "मी नाई येत आता. इथं मले समजते, पानी कुठं हाये, चूल कुठं हाये. तिथं पुन्हा शिकावं लागन. अन् तुले भेव वाटन."

त्या हिवाळ्यात त्यानं रजा काढून तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन करवलं. पट्टी निघाली तेव्हा तिनं त्याचा चेहरा पाहिला, हातावरचा भाजल्याचा डाग पाहिला आणि "वाळला रे" एवढंच म्हणाली. तरीही ती परत आली नाही. पुढली चार वर्षं, ती जाईपर्यंत, श्रावण दर महिन्याला लेकीला घेऊन सिंदी मेघेला जात राहिला, आणि दर महिन्याला विचारत राहिला.

बबनराव मात्र प्रत्येक नव्या गार्डला ती सोमवारची गोष्ट सांगत. एकदा श्रावण समोरच होता. न राहवून तो म्हणाला, "साहेब, ते तसं नव्हतं. मी मायले तोंड दाखवाच्या भेवानं राह्यलो होतो."

बबनराव हसले आणि त्या पोरांना म्हणाले, "पाहा, मोठेपणासुद्धा घेत नाई."