ओठांची अक्षरं

तिनं ते बटण केसभर उजवीकडे फिरवलं, डोळे मिटून ऐकलं, मग अर्धा केस मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. बाबांचा आवाज थोडा उजळल्यासारखा वाटला. ‘पाऊल’मधला ‘प’ आता वर आला असं वाटलं. तिनं रोखून धरलेला श्वास सोडला आणि मान वळवली.

“काका, सापडलं बहुतेक. ऐका.”

रेकॉर्डिस्ट काका मागच्या खचलेल्या कोचावर पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“काय फिरवत होतीस?”

“हे. वरचा भाग उजळायचं.”

“त्याच्या शेजारचा दिवा लागलाय का बघ.”

दिवा लागलेला नव्हता. ते बटण चालूच नव्हतं. इतका वेळ ती एका मेलेल्या बटणाशी झटत होती, आणि तिला फरक ऐकू येत होता.

“रडू नकोस, सगळ्यांचं होतं,” काका म्हणाले. “टेपच्या जमान्यात मी एका बड्या संगीतकाराला असं बंद बटण फिरवून खूष केलंय. ‘अहा, आता जमलं’ म्हणून मिठी मारली होती त्यानं मला. दुसऱ्याला फसवायला ठीक आहे ते. स्वतःला नको फसवू. कान महा लबाड असतो, पोरी. त्याला जे हवं तेच तो ऐकतो.”

तिनं मान हलवली आणि दिवा लावला. दुपारी निर्मातीबाई येणार होत्या.

गाणं चित्रपटाच्या शेवटाला होतं. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी चाली बांधल्या. हे एक मात्र मीच गाणार, असं त्यांनी बाईंकडून कबूल करून घेतलं होतं. त्यानंतर अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा गाल लोंबला, आणि तरीही खुर्चीत बसून, एकेका ओळीला दम घेत, ते गायले. सुरात गायले. सूर कुठे जातोय! बाईंनी ते ऐकलं, डोळे पुसले आणि सरळ सांगितलं, “बुवा, शब्द कळले तर तुमचाच आवाज ठेवते. नाही कळले तर मला दुसऱ्याकडून गाऊन घ्यावं लागेल. लोक अर्थ ऐकतात हो.” दुसरा गायक ठरलाही होता. तो उद्या येणार होता.

दोन स्टुडिओंनी हात वर केले होते. मग ती काकांकडे आली. काकांनी आणि बाबांनी तरुणपणी एकाच खोलीत रात्रीचे दिवस केले होते, तरी काका म्हणाले, “मी नाही हात लावणार. बुवाचा आवाज माझ्या हातून बिघडला असं मला मरेपर्यंत ऐकायचं नाही. तू कर. मी शिकवतो.” तिनं बँकेतून बिनपगारी रजा घेतली आणि केसांत पांढरे धागे आलेल्या वयात पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसली.

शिकणं असं होतं की, काका काही करून दाखवायचे नाहीत. नुसतं सांगायचे. आवाज ऐकू येत नाही म्हणून त्याला वाढवू नकोस, भोवतालची गर्दी हटव. सारंगीला म्हणावं, बाई, बुवा बोलतोय तेवढं जरा बाजूला सरक. मोठ्यानं लावू नकोस. मोठ्यानं कुठलंही गाणं चांगलंच वाटतं. शेजारच्या खोलीत तान्हं मूल झोपलंय असं समजून लाव, आणि तरीही शब्द पोचला तर खरा. हळूहळू तिच्या बोटाला फेडरचा, आवाज वरखाली करणाऱ्या पट्टीचा, स्वभाव कळू लागला. शब्द आला की ती पट्टी केसभर वर जायची, शब्द संपला की खाली. एका ओळीत बोट किती वेळा वरखाली व्हायचं! झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

“चल, आता लाव पहिल्यापासून,” काका म्हणाले.

बाबांचा आवाज खोलीत आला.

*उंबऱ्याशी थांबले पाऊल माझे,*
*सांग आता आत येऊ की फिरू?*

“स्पष्ट आहे की,” ती म्हणाली. “नाही का?”

काका उठले, दार उघडून बाहेर गेले आणि एका माणसाला घेऊन आले. तो बाहेरच्या खोलीतला एसी दुरुस्त करायला आला होता. हातात पेचकस तसाच होता.

“दादा, एक गाणं ऐका आणि सांगा, काय शब्द आहेत ते.”

माणूस कौतुकानं खुर्चीच्या टोकावर बसला. गाणं संपेपर्यंत त्यानं पेचकससुद्धा हलवला नाही. मग म्हणाला,

“चाल झकास आहे साहेब. पार काळजात जाते.”

“आणि शब्द?”

त्यानं दोघांकडे पाहिलं. काहीतरी चुकेल अशी भीती त्याच्या चेहऱ्यावर आली.

“भाषा कुठली आहे?”

तो गेल्यावर ती पुन्हा बटणांकडे वळली.

“तुझा दोष नाही,” काका म्हणाले. “तुझे कान शिळे झालेत. आम्ही त्याला तेच म्हणतो. गाणं पाठ झालं की शब्द बाहेरून येतच नाहीत, आतून येतात. आणि तू तर घरी रात्रंदिवस बुवाचं बोलणं ऐकतेस. पाणी दे, कूस बदल, खिडकी लाव. सगळं तुला कळतं. जगात तुला एकटीला कळतं.”

“मग अजून थोडं उजळूया ना. ‘प’ जिथे आहे तिथे—”

“‘प’ नाहीच आहे.” काकांनी आवाज चढवला नाही. “बघ तरी. प, फ, ब, म. ओठांची अक्षरं आहेत ती. ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत. बुवाचे ओठ मिटत नाहीत. ‘आऊल आझे’ म्हणतोय तो. ‘की इरू’ म्हणतोय. जे माइकमध्ये आलंच नाही ते मी कुठल्या बटणातून काढू?”

तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. बाबा काल रात्री जेवताना विचारत होते, गाणं कधी ऐकवणार? भात हनुवटीवर सांडला होता, तो ती पुसत होती, आणि त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

“काहीतरी असेल ना, काका. तुम्ही लोकांनी काय काय केलंय. पाया पडते तुमच्या.”

“वेडी आहेस का!” काका तोंड फिरवून खिडकीपाशी गेले. काचेवर बोटानं काहीतरी खरवडत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, “एक युक्ती आहे जुनी. गायक पडशानं बेजार असला की करायचो. त्याच्या आवाजाखाली दुसऱ्या कुणीतरी तेच शब्द कुजबुजायचे. सूर नाही, नुसते ओठ. इतकं हळू ठेवायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, गायकच म्हणतोय. अक्षरं दुसऱ्याची, गळा त्याचा.”

“मग?”

“बुवाला नाही चालणार. तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. सुरात भेसळ करणाऱ्याला बाबा चोर म्हणायचे. लहानपणी ती त्यांच्यापुढे गायला बसायची, तेव्हा एक स्वर ढळला तरी ते पेटीचा भाता बंद करायचे, आणि त्या शांततेत तिला रडू फुटायचं. पुढे तिनं गाणंच सोडलं.

“त्यांना कळणार नाही,” ती म्हणाली. “ते घरी आहेत. बाई ऐकतील, हो म्हणतील, संपलं.”

काकांनी माइकच्या खोलीचं दार उघडून धरलं.

आत बंद हवेचा, जुन्या गालिच्याचा वास होता. कानांवर हेडफोन चढवल्यावर बाबांचा आवाज थेट डोक्याच्या मध्यभागी आला. काचेपलीकडून काका म्हणाले, “गायचं नाही हं. सूर लागला की पकडली जाशील.”

तिनं जिवाचा कान केला आणि बाबांच्या श्वासाबरोबर श्वास घेतला. ते जिथे लांबवत होते तिथे ती थांबत होती. जिथे त्यांची जीभ अडखळत होती तिथे तीही अडखळत होती. उंबरा. पाऊल. माझे. तिचे ओठ मिटत होते आणि उघडत होते. शेवटच्या ओळीला, ‘फिरू’वर, तिच्या नकळत कुजबुजीला एक बारीकसा सूर फुटला. सुतासारखा. बाबांच्या सुराला लगटून तो गेला आणि विझला.

“शेवटी सूर लागला,” काका म्हणाले.

“परत घेऊ?”

काकांनी तो तुकडा पुन्हा ऐकला. आणखी एकदा ऐकला.

“राहू दे. खाली दबून जाईल.”

तिनं स्वतःचा आवाज खाली, खाली, जवळजवळ नाहीसा होईपर्यंत नेला. काका समोरच्या दातांच्या दवाखान्यात गेले आणि बाकावर वाट पाहत बसलेल्या एका बाईला घेऊन आले. तिच्या हिरड्यांत नुकतीच सुई टोचलेली. गाल बधिर, तोंड वाकडं. गाणं ऐकून ती काहीतरी भरभर बोलली.

“अहो, काय म्हणताय तुम्ही?” काका हतबल झाले.

“‘उंबऱ्याशी पाऊल थांबलंय, आत येऊ का परत फिरू विचारतोय. बिचारा’ असं म्हणतायत त्या,” ती म्हणाली, आणि मग तिला हसू आणि रडू एकदम आलं. त्या बाईनं जोरजोरात मान हलवली आणि गालाला रुमाल लावून निघून गेली.

निर्मातीबाई ठरल्याप्रमाणे आल्या. पण त्यांच्यामागून दारात चाकांची खुर्ची आपटली.

“म्हटलं, बुवांचं घर वाटेवरच आहे. त्यांच्याशिवाय कसं ऐकायचं?” बाई म्हणाल्या. “शेजारच्यांनी गाडीत बसवायला मदत केली. काय खूष होते गाडीत!”

बाबांनी स्वच्छ सदरा घातला होता. बटणं एक सोडून एक लागली होती. तिनं पुढे होऊन ती नीट केली. तेवढाच वेळ तिला त्यांच्याकडे न बघता काढता आला.

“बुवा, पुढे ये असा,” काका म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. अजून वेळ होता, तिच्या कुजबुजीची पट्टी एका बोटानं बंद करता आली असती. तिनं केली नाही.

गाणं लागलं. बाईंनी डोळे मिटले. बाबांनी नाही मिटले. ते दोन स्पीकरांच्या मधोमध असलेल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. डाव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. पहिल्या ओळीतल्या ‘पाऊल’वर ती बोटं थांबली. पुन्हा सुरू झाली नाहीत.

शेवटचा ‘फिरू’ गेला आणि खोलीत नुसती यंत्रांची घरघर उरली.

“कळलं की हो!” बाईंनी डोळे पुसले. “अक्षर न् अक्षर कळलं! काय केलंत तरी काय?”

“कामच आहे ते आमचं,” काका पुटपुटले.

“झालं तर मग. उद्याच्या गायकाला मी नको म्हणून कळवते. बुवा, तुमचाच आवाज जाणार. बोला, खूष ना?”

बाबा तिच्याकडे बघत होते. ती त्या नजरेला लहानपणापासून ओळखत होती, भाता बंद होण्याआधीची ती नजर. ती खाली मान घालून उभी राहिली. पण भाता बंद झाल्यासारखी ती शांतता आलीच नाही. बाबा बोलले, काकांकडे बघून. बाकीच्यांना ऐकू गेला तो नुसता एक ओढलेला, ओला आवाज. तिला स्वच्छ ऐकू आलं.

मला काढ. हिला गाऊ दे.

“काय म्हणतायत बुवा?” बाईंनी विचारलं.

बाबांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसत होती. इतक्या वर्षांत तिच्या गाण्यावर ते कधी असे हसले नव्हते.

“असंच ठेवा म्हणतायत,” ती म्हणाली.

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी डावा हात उचलला आणि, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलं होतं तसं, दोन बोटांनी आपला लोंबता ओठ वरच्या ओठाला मिटवून धरला. कपाळावर शीर फुगली. ‘मला’चा ‘म’ आला. गोल, पुरा, न चुकता कुणालाही कळेल असा ‘म’. मग बोटं निसटली आणि पुढचं सगळं ओघळून गेलं.

बाई पुढे वाकल्या. “आता काय म्हणाले?”

काका यंत्राकडे वळले होते. त्यांची पाठ तिला दिसत होती, ताठ, न हलणारी.

“तेच,” ती म्हणाली. “परत तेच म्हणतायत.”

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी ओठावरचा हात खाली घेतला आणि तो तिच्या हातात दिला.